काळ्या धुराची कारणमीमांसा

जुन्या डिझेल गाडीचा मालक मिस्त्रीपुढे जी तक्रार मांडतो, ती बहुधा दोनच वाक्यांची असते: गाडी ओढत नाही आणि काळा धूर मारते. या दोन वाक्यांत निदानाचे निम्मे काम झालेले असते, कारण धुराविना होणारा शक्तिक्षय आणि धुरासह होणारा शक्तिक्षय या दोन अगदी भिन्न व्याधी आहेत. परंतु हा भेद ध्यानात न घेता पाना उचलावा, इंजेक्शन पंपाच्या सीलबंद स्क्रूला हात घालावा आणि ‘थोडे डिझेल वाढवून देतो, पिकअप येईल’ असे आश्वासन द्यावे, हा प्रघात रस्त्याकडेच्या गॅरेजांतून इतका रुळला आहे की, काळा धूर असताना हा उपाय बहुतेक वेळा रोगाला बळ देणारा ठरतो, हे विस्ताराने सांगणे मला अगत्याचे वाटते.

पुढील विवेचन मुख्यत्वे अशा गाड्यांविषयी आहे, ज्यांच्या इंजिनावर संगणकाचा अंमल नाही. १९८६ साली रस्त्यावर आलेली टाटा ४०७, प्युजो बनावटीच्या २,११२ घनसेंटिमीटर इंजिनावर धावणाऱ्या महिंद्राच्या जीपगाड्या, साताऱ्या-सांगलीकडे ज्यांना वडाप म्हणतात त्या माणसांनी ओसंडून वाहणाऱ्या गाड्या, उसाच्या गळीत हंगामात कारखान्याची वाट तुडवणाऱ्या मालमोटारी, या सर्वांचा हा वर्ग. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ साली डिझेल इंजेक्शन पंपाचे नियमित उत्पादन सुरू केले आणि १९५१ मध्ये त्याच घराण्याची मोटार इंडस्ट्रीज कंपनी बंगलोरास स्थापन झाली; तिचे ‘मायको’ हे नाव आपल्याकडे असे रुजले की, कंपनीचे अधिकृत नामांतर होऊन पुष्कळ वर्षे लोटली तरी मिस्त्रीच्या तोंडी अद्याप ‘मायकोचा पंप’च आहे. नोझल नावाचा जो लहानसा पोलादी तुकडा या लेखात वारंवार येईल, तो तयार करण्याचा या कंपनीचा मोठा कारखाना आपल्या नाशकातच आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे मर्म असे होते की, सिलिंडरात निव्वळ हवा घ्यावी, ती दाबानेच तापेल इतकी दाबावी आणि मग त्या तप्त हवेत इंधन सोडावे, म्हणजे ते आपोआप पेट घेईल. रस्त्यावरील जुन्या इंजिनांत ही हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर चढते. पेट्रोल इंजिनात चालकाचा पाय हवेच्या वाटेवरील झडप उघडतो, आणि हवा वाढली की तिच्या प्रमाणात पेट्रोल वाढते. डिझेल इंजिनात, काही फार जुन्या बनावटी सोडल्यास, हवेच्या वाटेवर अशी झडपच नसते. इंजिन प्रत्येक फेऱ्याला जमेल तेवढी हवा भरून घेते, आणि पाय दाबला की वाढते ते केवळ डिझेल. त्यामुळे साध्या यांत्रिक पंपाला आज हवा किती आली याची खबर नसते. कारखान्यात त्याला जे माप ठरवून दिले त्या मापाने तो डिझेल ढकलीत राहतो, मग फिल्टर कोरा असो की धुळीने बुजलेला. काळ्या धुराच्या बहुसंख्य प्रकरणांचे मूळ पंपाच्या या अज्ञानात आहे.

आकड्यांनी पाहिले म्हणजे हा व्यवहार किती नाजूक आहे ते कळते. तीन लिटर क्षमतेचे, चार सिलिंडरांचे, टर्बो नसलेले इंजिन मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर ते दर मिनिटास सुमारे ३,५०० लिटर, म्हणजे वजनाने जवळजवळ ४ किलो हवा ओढते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास रसायनशास्त्राच्या हिशेबाने साडेचौदा किलो हवा पुरते. पण सिलिंडरातील कणन् कण हवा त्या क्षणार्धात डिझेलला भेटत नाही, म्हणून धूर होऊ द्यायचा नसेल तर व्यवहारात एका किलोमागे वीसेक किलो हवा राखावी लागते. तेव्हा चार किलो हवेत मिनिटाला २०० ग्रॅम डिझेल. ते चार सिलिंडरांत मिळून ५,६०० वेळा फवारले जाणार, म्हणजे एका वेळचे माप सुमारे ४० घनमिलिमीटर, पाण्याच्या एका साध्या थेंबाहूनही कमी. तेवढे डिझेल केसाच्या काही पटच जाड छिद्रांतून, दीड-दोन सहस्रांश सेकंदात, दाबलेल्या हवेत बारीक तुषार होऊन पसरायचे आणि त्याच दमात जळून संपायचे आहे.

डिझेलच्या वजनात सुमारे ८६ टक्के कार्बन असतो. फवाऱ्याच्या गाभ्यात जेथे इंधन दाट आणि प्राणवायू विरळ असतो, तेथे उष्णतेने इंधनाचे रेणू तुटून कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, हीच काजळी. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, निरोगी इंजिनातही अशी काजळी प्रत्येक स्फोटात पुष्कळ तयार होते, परंतु तिचा बहुतांश भाग पुढच्याच क्षणी ताजी हवा मिळून सिलिंडरातच जळून जातो, आणि सायलेन्सरमधून आपल्याला दिसतो तो न जळता उरलेला शेष. म्हणून काळा धूर दिसला की तीन गोष्टींपैकी एक तरी उणी पडली असे समजावे: हवा पुरेशी नव्हती, फवारा पुरेसा बारीक नव्हता, किंवा जळण्याला पुरेसा अवधी मिळाला नाही. ‘माझे सगळे डिझेल धूर होऊन चालले’ असा जो समज मालकवर्गात आहे तो मात्र शब्दशः खरा नाही. दाट धुरातही काजळीचे वजन जळलेल्या डिझेलच्या मानाने अल्प असते. खरा तोटा असा होतो की, जे डिझेल पिस्टन वरच्या टोकाशी असताना जळायला हवे होते ते पिस्टन खाली निघून गेल्यावर रेंगाळत जळते, त्याच्या दाबाचे काम होत नाही, आणि ती उष्णता एक्झॉस्टच्या झडपा व सायलेन्सर तापविण्यात खर्ची पडते.

धुराविना गाडी मंदावली असेल तर तपासाची दिशा अगदी उलटी धरावी. अशा वेळी इंजिनाला हवा मिळते आहे, उपासमार डिझेलची आहे. फिल्टरात साचलेला गाळ, टाकीच्या झाकणातील बुजलेले श्वासछिद्र, चिरलेल्या रबरी नळीतून लाइनने घेतलेली एअर, थकलेला फीड पंप, किंवा नुसती ताणलेली ॲक्सिलरेटरची केबल, यांपैकी काहीतरी निघते. शेवटची गोष्ट तर एकाने आत बसून पॅडल तळापर्यंत दाबावे आणि दुसऱ्याने पंपावरील लिव्हर आपल्या थांब्याला टेकतो की नाही ते पाहावे, इतक्या अल्प श्रमात निकालात निघते. या वर्गाविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. जुन्या मिस्त्रींना तो चांगला ठाऊक आहे.

काळ्या धुराच्या बाबतीत मात्र बॉनेट उघडण्याआधी चालकाची जबानी नीट घ्यावी. दोष एका दिवसात उपटला की महिनोन्‌महिने वाढत आला? एकाएकी आलेला दोष बहुधा सुटलेल्या किंवा फाटलेल्या वस्तूचा असतो: होज निसटला, टर्बो बसला, पंपाचा कपलिंग सरकला. हळूहळू वाढलेला दोष साचण्याचा वा झिजण्याचा असतो, म्हणजे फिल्टर, नोझल, पिस्टनच्या रिंगा. दुसरा प्रश्न, धूर कोणत्या वेळी पडतो? पाय झटक्याने दाबताच एक काळा झोत निघून लगेच स्वच्छ होणे, हे जुन्या इंजिनाच्या प्रकृतीतच आहे. पण समान गतीने, समान भाराने चढत असताना धूर अखंड राहत असेल तर तो रोग. तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि तो सहसा कोणी विचारीत नाही: इंजिनाचे फेरे वाढले की धूर वाढतो की कमी होतो? अरुंद वाटेतून जाणारा हवेचा प्रवाह दुप्पट झाला की त्या वाटेवर होणारी दाबाची घट दुपटीहून पुष्कळ अधिक, जवळजवळ चौपट होते. म्हणून हवेच्या वाटेत अडथळा असलेली गाडी कमी फेऱ्यांत शहाण्यासारखी चालते आणि फेरे चढू लागताच गुदमरते. उलट खराब फवारा आणि गेलेले कंप्रेशन यांचा धूर मंद फेऱ्यांवर भार आला असतानाही दिसतो.

हवेच्या वाटेची तपासणी सर्वांत स्वस्त, आणि तरीही सर्वांत उपेक्षित. जुन्या गाड्यांत तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असे; त्यातील जाळी चिखलाने लिंपली जाते, आणि तेल खुणेच्या वर भरले तर ते हवेबरोबर इंजिनात ओढले जाते. कागदी फिल्टरवर हवेचा प्रेशर मारून तो पुनःपुन्हा बसविण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. वरची धूळ उडते, पण कागदाच्या रंध्रांत शिरलेली सूक्ष्म धूळ तशीच राहते, आणि प्रेशर जोराचा असला तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी चीर पडून तीच धूळ पुढे सिलिंडर घासू लागते. सबब, दिसण्यावर निवाडा न करता मोजावे. त्याकरिता लागते ती पारदर्शक प्लास्टिकची नळी, एक फळी आणि थोडे रंगीत पाणी. नळी फळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात, दोन्ही भुजा मीटरभर उंच राहतील अशी बांधावी, पाणी निम्म्यापर्यंत भरावे, एक टोक मोकळे ठेवून दुसरे फिल्टर व इंजिन यांच्या मधल्या पाइपात घट्ट बसवावे, आणि एकाने फेरे सावकाश चढवावेत. टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप नसल्यामुळे गाडी उभी असतानाही पूर्ण फेऱ्यांवर ते जवळजवळ पूर्ण हवा ओढते, ही या तपासणीतील मोठी सोय आहे. टर्बोच्या गाडीला मात्र भारावर चालवूनच हे मोजावे लागते. दोन भुजांतील पाण्याच्या पातळ्यांत ५०० ते ६०० मिलिमीटरांचा फरक पडला की फिल्टर बदलण्याची वेळ झाली असे धरण्याचा प्रघात आहे; फरक त्याहून पुढे धावू लागला तर पाणी इंजिनात ओढले जाण्यापूर्वी पाय काढून घ्यावा.

वाईजवळच्या एका गॅरेजात पाहिलेला प्रकार येथे सांगण्यासारखा आहे. दुधाचे कॅन वाहणारी एक ४०७ तेथे आली होती. खंबाटकीच्या घाटात ती दम खाई आणि मागच्या गाड्यांना अंधार करी. पंप वाढवून झाला होता, नोझल नव्या होत्या, फिल्टर नवा होता, आणि इंजिनकाम काढावे लागेल असे मालकाला सांगण्यात आले होते. या मिस्त्रीने हत्यार उचलले नाही. त्याने बॉनेट उघडून ठेवले, चालकाला म्हणाला, ‘दादा, फुल रेस द्या आणि जरा धरून ठेवा’, आणि स्वतः एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या जाड रबरी होजकडे पाहत उभा राहिला. फेरे चढले तसा तो होज मधोमध चपटा होत गेला आणि आवाज घुसमटला. पाय काढताच तो पुन्हा गोल झाला. खोलून पाहिले तेव्हा आतला अस्तराचा पापुद्रा सुटून पिशवीसारखा लोंबत होता. बाहेरून त्या रबराला चीर नव्हती, डाग नव्हता. बंद गाडीत ते कितीही वेळ न्याहाळले असते तरी निर्दोषच ठरले असते. होज बदलला, वाढवलेला पंप मूळ मापावर आणला, आणि गाडी भरल्या कॅनांनिशी घाट चढून गेली. जेव्हा दोष हवेच्या हालचालीत असतो, तेव्हा तो हलत्या हवेतच शोधावा लागतो, ही गोष्ट मला त्या मिस्त्रीच्या उभे राहण्यातून जितकी स्पष्ट कळली तितकी कोणत्याही पुस्तकातून कळली नव्हती.

हवेची वाट निर्दोष ठरली म्हणजे फवाऱ्याकडे वळावे. नोझलच्या आतील सुई ठरावीक दाबाला उचलली जाते. पूर्वकक्ष असलेल्या जुन्या इंजिनांत हा दाब साधारणतः १२० ते १५० बार आणि थेट पिस्टनवर फवारणाऱ्या इंजिनांत २०० बारच्या आसपास असतो. सुईची बैठक झिजली, कार्बनने छिद्र वाकडे झाले किंवा स्प्रिंग थकली म्हणजे तुषारांऐवजी धार पडते, शेवटचा थेंब ओघळतो, आणि तो जळण्याला ना हवा मिळते ना वेळ. दोषी सिलिंडर ओळखण्याची जुनी रीत अशी की, इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलकडे जाणाऱ्या पाइपाचा नट किंचित सैल करावा, म्हणजे त्या सिलिंडराचे डिझेल बाहेर झिरपते आणि तो तेवढ्यापुरता बंद पडतो. इंजिनाचा सूर खाली आला तर तो सिलिंडर काम करीत होता. फरक पडलाच नाही तर तो आधीच मेलेला होता. आणि सूर फारसा न ढळता धूर किंवा ठोका एकदम थांबला तर अपराधी तोच. येथे एक इशारा अत्यंत गांभीर्याने द्यावासा वाटतो. दाबाखालचे डिझेल कातडी भेदून हाताच्या आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आतले मांस सडू लागते. अशा माणसाला तत्काळ शल्यचिकित्सकाकडे नेले नाही तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा, नटाभोवती जाड फडके असावे, फवाऱ्यापुढे हात कदापि जाऊ नये, आणि हजार बारांहून अधिक दाबाने चालणाऱ्या कॉमन रेल गाडीवर ही रीत मुळीच वापरू नये.

काढलेल्या नोझलची परीक्षा हातपंपाच्या टेस्टरवर होते आणि ती मालकाने उभे राहून पाहावी अशी आहे. लिव्हर दाबताच चांगली नोझल ‘किर्र’ असा कोरडा आवाज करीत धुक्यासारखा सारखा फवारा सोडते. मग दाब तिच्या उघडण्याच्या दाबापेक्षा २० बारांनी कमी ठेवून दहा सेकंद थांबावे. टोकाला ओल धरली तर एक वेळ चालेल, पण थेंब गळून पडता कामा नये. परत बसविताना खालचा तांब्याचा वायसर नवाच टाकावा आणि जुना आत चिकटून राहिलेला नाही याची खात्री करावी, कारण एकावर एक दोन वायसर बसले की नोझलचे टोक आपल्या जागेहून मागे राहते आणि नवी नोझलही जुन्यासारखी वागू लागते.

अवधीचा प्रश्न टायमिंगचा आहे. २,८०० फेऱ्यांवर क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे सतरा सहस्रावा भाग. इंजेक्शन चार-पाच अंशांनी मागे पडले तरी डिझेल जळायला उशिरा लागते, इंजिन तापते, धूर काळवंडतो आणि चढावर जीव राहत नाही. उलट ते पुढे गेले तर कडक ठोका ऐकू येतो. कंप्रेशनसाठी गेज लावून चारही सिलिंडरांची तुलना करावी. एकट्या आकड्यापेक्षा परस्परांतील तफावत अधिक बोलकी असते. गेज नसेल तर चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे: तेथून धूर भपकारे मारीत येत असेल, मिस्त्रींच्या भाषेत इंजिन बॅक कंप्रेशन मारीत असेल, तर रिंगा व लायनर यांची मुदत भरत आली. मात्र हा निर्णय देण्यापूर्वी टॅपेटचे अंतर अवश्य जुळवून घ्यावे, कारण झडप पुरती न उघडल्याने वा पुरती न मिटल्याने झालेला शक्तिक्षय फीलर गेजच्या पातळ पट्टीने निभतो, आणि त्यासाठी इंजिन उतरवल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

टर्बो असलेल्या गाडीत हवेची वाट दुहेरी होते: टर्बोपर्यंत शोषलेली आणि टर्बोपासून पुढे दाबलेली. दाबलेल्या बाजूचा होज फाटला, क्लिप ढिली झाली किंवा इंटरकूलरला भेग गेली तर दाबलेली हवा वाटेतच निसटते, भार येताच सुस्कारा ऐकू येतो, आणि मागे काळा धूर पडतो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून आतून हलका दाब दिला की बुडबुडे जागा दाखवितात. अशा काही पंपांवर हवेच्या दाबानुसार डिझेलचे माप वाढविणारी एक पडद्याची डबी असते, आणि तिच्या बिघाडात या लेखातील मूळ भेदाचा उत्तम दाखला मिळतो. होज निखळला, पण डबीला जाणारी बारीक नळी जिथून निघते तिथे थोडाफार दाब उरला, तर डिझेल येते आणि हवा येत नाही, म्हणून धूर. डबीतला रबरी पडदाच फाटला तर हवा येते आणि डिझेल वाढत नाही, म्हणून शक्तिक्षय तितकाच, पण धूर नाही. पुढच्या काळातील गाड्यांत जळका वायू पुन्हा इंजिनात फिरविणारा ईजीआर झडपेचा मार्ग आला. ती झडप काजळीने उघडीच अडकली की ताज्या हवेची जागा जळका वायू घेतो. त्याच काजळीत इंजिनाच्या ब्रीदरमधून आलेली तेलाची वाफ कालवली जाऊन मॅनिफोल्डच्या आत डांबरासारखा थर चढतो आणि तीन बोटे रुंद वाट एक बोट उरते. त्याला खरवडून काढण्याखेरीज इलाज नाही.

इंजिनाबाहेरील कारणे थोडक्यात सांगतो. चिकटून राहिलेला ब्रेक, दगडावर आपटून आतून दबलेला सायलेन्सर, अर्धवट मिटून बसलेली एक्झॉस्ट ब्रेकची झडप, आणि खालचा गिअर न टाकता इंजिनाला रडत चढविण्याची सवय, यांनीही गाडी ओढेनाशी होते आणि धुरावते. चाके जॅकवर उचलून हाताने फिरविली की पहिल्याचा निकाल लागतो. याखेरीज एक कारण असे आहे की ज्यात कोणाचाच दोष नसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी हवा कोकणपट्टीच्या मानाने साधारणतः आठव्या हिश्शाने विरळ असते; टर्बो नसलेल्या गाडीचा यांत्रिक पंप तिथेही महाडातलेच माप ढकलतो, म्हणून निरोगी जुनी गाडीसुद्धा वर गेल्यावर थोडी काळवंडते आणि खाली उतरताच सुधारते. ती पंपवाल्याकडे नेण्याचे प्रयोजन नाही.

रॉकेलच्या भेसळीवर काळ्या धुराचे खापर फोडण्याची रीत आहे, ती मला पटत नाही. रॉकेल डिझेलहून हलके आणि पातळ असते. त्याने काजळी वाढण्याचे कारण नाही. त्याचा अपकार अधिक खोल आहे: पंपातील प्लंजर आणि बॅरल यांच्यात मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांचीच फट असते आणि तिला वंगण मिळते ते डिझेलचेच, ते वंगण पातळ झाले की पंप झिजतो आणि पुढे बिघडतो.

या धुराकडे केवळ मालकाच्या खिशाच्या दृष्टीने पाहून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर मानवात कर्करोग घडविणारा असल्याचे निःसंदिग्धपणे जाहीर केले, आणि हा धूर सर्वांत आधी ज्यांच्या छातीत जातो ते त्या गाडीचा चालक, किन्नर आणि गॅरेजातील पोरेच असतात. आपल्या मोटार वाहन नियमांनी जुन्या डिझेल गाड्यांना हार्ट्रिज मापाने ६५ पर्यंत आणि भारत स्टेज चारच्या गाड्यांना ५० पर्यंत धुराची मर्यादा घालून दिली आहे. परंतु पीयूसीची ही मोजणी गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये पाय झटक्याने दाबून केली जाते. त्या वेळी इंजिनावर स्वतःच्या फ्लायव्हीलखेरीज भार नसतो. म्हणून दाखला मिळालेली गाडी घाटात स्वच्छ चालेलच असे नाही, आणि दाखल्याच्या दिवसापुरता पंप खाली करून दुसऱ्या दिवशी पुन्हा वर करण्याचा जो व्यवहार चालतो, तो सरकारला नव्हे, आपल्याच पोटच्या पोरांना फसविणे आहे.

हवा, फवारा, टायमिंग, कंप्रेशन आणि चाके हे सर्व निर्दोष ठरल्यावरच पंपाची पाळी येते. तसे न करता हवेअभावी मंदावलेल्या इंजिनाला डिझेल वाढवून दिले तर क्षणिक ओढ मिळाल्याचा भास होतो, पण एक्झॉस्टचे तापमान चढते, पिस्टनचा माथा आणि झडपा भाजतात, न जळलेले डिझेल लायनरवरचा तेलाचा थर धुऊन खालच्या ऑइलमध्ये उतरते, आणि फिल्टराच्या किमतीत मिटणारे प्रकरण इंजिनकामावर जाते. पंप पाठवायचाच झाला तर तो ज्याच्याकडे कॅलिब्रेशनचा बेंच आहे अशाच ठिकाणी पाठवावा. तेथे पंप विजेच्या मोटारीवर फिरवून प्रत्येक सिलिंडराच्या वाट्याचे डिझेल काचेच्या उभ्या नळ्यांत मोजतात, आणि चारही नळ्यांतील पातळी एकमेकींशी व त्या इंजिनाच्या नेमून दिलेल्या मापाशी जुळेपर्यंत जुळणी करतात. वेगवेगळ्या फेऱ्यांवर किती घनसेंटिमीटर भरले त्याची लेखी चिठ्ठी मागून घ्यावी, स्क्रूला शिशाचे सील आपल्यासमोर लावून घ्यावे, आणि ती चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेस सील तुटलेले आढळल्यास मूळ माप काय होते याची रुजुवात घालता येते.